रोझी शब्दाचं वाक्य

प्रतीक्षानं 'रोझी' या शब्दाचं वाक्य करून दाखवलं, तेव्हा मी फळ्याकडे तोंड फिरवलं आणि पुसलेला फळा उगाच पुन्हा पुसत राहिले. वाक्य साधं होतं, त्यात चूक नव्हती. माय फ्यूचर इज रोझी. मागच्या बाकावरून सागरनं टाळ्या पिटल्या, "वा बाप्पा! आजच्या दिवसाचंच वाक्य केलं हिनं तं!" आज दुपारी प्रतीक्षाची सुपारी आहे, म्हणजे लग्न पक्कं होणार आहे, हे साऱ्या क्लासला माहीत होतं. मुलगा शिवम, माझ्या सख्ख्या बहिणीचा, आणि मधात पडून ही सोयरीक मी जुळवली, हेही माहीत होतं. त्यामुळे सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, आणि मी काहीतरी कौतुकाचं बोलावं म्हणून वळून पाहिलं तर प्रतीक्षा माझ्याकडेच बघत होती. हसत नव्हती. परीक्षेत पेपर देऊन झाल्यावर पोरं बाईंच्या तोंडाकडे पाहतात, तशी नुसती बघत होती. मी म्हटलं, "व्हेरी गुड," आणि पाण्याची बाटली उघडली.

शब्द मीच निवडला होता. रोज एक शब्द, त्याचा अर्थ, त्याचा वापर, आणि मग प्रत्येकाचं एक वाक्य, असा या क्लासचा शिरस्ता आहे. जळगाव जामोदच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या या खोलीत मी कित्येक वर्षं हेच करते. आज हाच शब्द मनात का यावा, देव जाणे. सागर म्हणाला होता, "मॅडम, रोझी म्हणजे तं पोरीचं नाव राह्यते ना?" सगळे हसले, मीही हसले. मग सांगितलं, रोझी म्हणजे गुलाबी. गालावरची तब्येतीची लाली. आणि दुसरा अर्थ, पुढचे दिवस चांगले दिसणं. उदाहरणं द्यावीत म्हणून मोबाईलवर डिक्शनरी उघडली आणि जीभ अडखळली. भविष्याचं जे जे वाक्य, ते उलटं. चित्र वाटतं तितकं रोझी नाही. त्यांनी आम्हाला फारच रोझी चित्र दाखवलं. इतकी वर्षं शिकवून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. इंग्रज माणूस हा शब्द गालांसाठी मायेनं वापरतो आणि पुढच्या दिवसांसाठी वापरायची वेळ आली की त्याला संशय येतो. ती वाक्यं मी वाचलीच नाहीत. "म्हणजे आशादायक, छान," एवढं सांगून मोकळी झाले. शब्दालाही मी रंग लावून दिला. सवय बाई, दुसरं काय.

क्लास सुटला तरी प्रतीक्षा रेंगाळली. पेनाचं टोपण लाव, काढ, लाव. मी म्हटलं, "अगं, आज क्लासला काऊन आलीस? घरी कामं नाहीत का?" म्हणाली, "घरी लय गर्दी होऊन राह्यली मॅडम. म्हनलं तासभर इथं बसतो." मग थांबली. "मॅडम, तुम्हाले मले काही सांगायचं हाय का?" मी म्हटलं, "काय सांगायचं?" "असंच. आज सुपारी हाय म्हनून." जिन्यावर कुणी नव्हतं, खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं, कुणी ऐकलं नसतं. मी म्हटलं, "सांगायचं काय त्यात? छान नटून बस." तिनं पेनाचं टोपण लावलं. "बरं. मंग सुपारी फुटली की नाशिकवाल्याईले फोन करून नाही म्हनतो." नाशिकच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली होती, आलेल्या पेशंटशी बोलायची, फोन घ्यायची. मुलाखत इंग्रजीत होती. तिची सगळी तयारी मीच करून घेतली होती. घाबरली की तिची वाक्यं लांबत, शेवट सापडत नसे, आणि मी तिला दर वेळी क्लासचा पहिला नियम सांगत असे, वाक्य लहान कर. कर्ता, क्रियापद, बस्स. तशी बोलली आणि तिची निवड झाली. राहायची सोयसुद्धा तेच देणार होते आणि तिच्या उत्तरासाठी उद्यापर्यंत थांबले होते. "तुम्हीच म्हनल्या ना, पुण्यात याच्यापेक्षा चांगली भेटीन." मी म्हटलं, "भेटेल की." हे मी आज सकाळी म्हटलं. दिवसाढवळ्या, शुद्धीवर असताना.

शिवमला पुण्यात नोकरी नाही. आधी होती. होळीच्या आधी कंपनीनं माणसं कमी केली त्यात तो गेला, आणि बॅग घेऊन तो आईबापाकडे वडनेर भोलजीला न जाता आधी माझ्याकडे आला. याच खोलीत, याच बाकावर बसून रडला. "मावशी, आईले कसं सांगू?" त्याची आई, माझी मोठी बहीण मनकर्णा, जिला मी बाई म्हणते, ती गावभर सांगत फिरायची, माहा पोरगा कंपनीत हाय. आमची माय लवकर गेली. बाईनं सातवीत शाळा सोडली आणि चुलीपुढे बसली, मी त्याच चुलीच्या उजेडात पुस्तक धरून बसायची. तिच्या भाकरी खाऊन मी खामगावला बी. ए. झाले. तिनं ते मला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर एकदाची भांडून मोकळी झाले असते. त्या दिवशी मला तिचा चेहराच दिसायला लागला आणि मी शिवमला म्हटलं, "हे बघ, इतक्यात सांगू नको. महिनाभरात दुसरी मिळेल. तोवर म्हणायचं, कंपनीनं काही महिने घरूनच काम करायला सांगितलं." मी त्याला क्लासचा लॅपटॉप दिला. झाकणावर 'संजीवनी इंग्लिश क्लास'चा स्टिकर होता, तो नखानं खरवडून काढला. निघाला तेव्हा मला काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं.

बाईनं ते असं काही मनावर घेतलं की बघायला नको. माडीवरची खोली सारवून, रंग देऊन पोराला दिली. तो वर बसला की ती अंगणात लोकांना दटावायची, "हळू बोला ना बे, त्याची मीटिंग चालू हाय!" शेजारच्या कारभारीनं ट्रॅक्टरवर गाणं लावलं तर ही बाहेर धावून गेली आणि त्याला बंद करायला लावलं. चहा घेऊन जिना चढायची तो पाय न वाजवता, आणि कप दाराबाहेर ठेवून यायची, साहेब पाहतील म्हणून. शिवम आत बसून नोकऱ्यांचे अर्ज भरत होता. उत्तरं येत नव्हती. तो मला फोन करायचा, "मावशी, सांगून टाकतो आता." मी म्हणायची, थांब रे, इतके दिवस काढले तर आणखी थोडे काढ. आणि मग बाई एके दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "संजू, शेती म्हनलं की कोनी पोरगी देत नाही. पन आता पोरगा कंपनीत हाय. तुह्या शब्दाले वजन हाय, पाह्य ना कुठं." तेव्हा सांगायचं होतं. तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "माझ्या क्लासात एक मुलगी आहे."

प्रतीक्षाच्या वडिलांचं, जानरावांचं घर बसस्टँडपासून लांब नाही, पुढे भांड्यांचं दुकान आणि मागे घर. तरी मी चालत होते ते गल्ल्या उलट्यासुलट्या करत, उशीर व्हावा म्हणून. आमच्यात सुपारी मधातल्या माणसाच्या हातानं फुटते. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात, मधातला माणूस अडकित्त्यानं सुपारी फोडतो, अर्धी इकडे देतो, अर्धी तिकडे, आणि मग माघार नाही. उद्या काही वावगं निघालं तर लोक आधी मधातल्या माणसाचं दार वाजवतात. म्हणून या कामात कुणी सहसा पडत नाही. मी मात्र पडले, आणि वर मिरवलंही. दसरा होऊन गेलेला, ऊन तरी भाजत होतं. बाजारात कापसाच्या गाड्या दिसायला लागल्या होत्या, आणि त्या दिसल्या की मला बाईचं ते कपाशीचं वावर आठवतं, पोळ्यानंतरचं, ही माणसं घर पाहायला वडनेरला गेली होती त्या दिवसाचं. मला ते आठवायचं नव्हतं.

त्या दिवशी जानराव ओसरीवर चहा पीत बसले आणि आम्ही बायका वावरात गेलो. बाईचे मालक, आमचे अर्जुनराव, पुढे चालत होते. पराटी, म्हणजे कपाशी, कमरेइतकी, फुलांवर आलेली. प्रतीक्षाची आई सोजराबाई दुकानात वाढलेली आणि दुकानातच दिलेली, तिला कापूस माहीत तो गादीतला. प्रतीक्षा एका झाडाशी थांबली. फूल उमललेलं नव्हतं, पाकळ्या एकमेकींत गुंतून मिटलेल्या, अगदी गुलाबाच्या कळीसारखं. "मॅडम, किती छान हाय हे! गुलाबच वाटते." तिनं ते तोडलं आणि वेणीत खोवलं. ती डोमकळी होती. आत गुलाबी अळी असली की कपाशीचं फूल उमलत नाही, असं मिटून राहतं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. अर्जुनरावांनी तोंड उघडलं. तो माणूस सरळ आहे, म्हणाला असता, पोरी टाकून दे, किडलेलं हाय. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खोकले आणि पुढे गेले. मी म्हटलं, "हो ना, यंदा फूल छान लागलंय." मग परत येईपर्यंत माझी नजर तिच्या वेणीवर. आता अळी बाहेर येईल, आता मानेवर उतरेल. शेवटी विहिरीपाशी राहवलं नाही. "थांब, मुंगी दिसते," म्हणून मी ते काढून विहिरीमागे फेकून दिलं. एवढं माझ्यानं झालं. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला तेच सांगत होते, की बघ, काढलंस ना तू.

मग माडीवर मुलामुलीला बोलू द्यायचं ठरलं. टेबलावर लॅपटॉप उघडा होता, पडद्यावर कसले तरी तक्ते. दोघांना एकटं सोडायचं सोडून मी तिथंच खुर्ची ओढून बसले, कारण शिवमचा चेहरा मला वाचता येत होता. तो बोलणार होता. प्रतीक्षानं विचारलं, "काम लय राह्यते का?" शिवमनं माझ्याकडे पाहिलं. मीच उत्तर दिलं, "बारा बारा तास बसतो गं, जेवायची शुद्ध नसते." तो खाली बघत बसला. प्रतीक्षा लॅपटॉपकडे बघत होती. तिच्या नजरेत काही होतं का, हे मी तेव्हा पाहिलं नाही. मी पाहत होते ती तिच्या गालावर चढलेली लाली, आणि मनात म्हणत होते, जमलं.

जानरावांकडे पोचले तर दारातच त्यांचा आरडाओरडा. "या या मॅडम! तुमचीच वाट पाहून राह्यलो. मधातलं मानूस नसलं तं सुपारी फुटते का?" गाद्यांवर पाहुणे बसले होते. बाई नव्या हिरव्या लुगड्यात, ताठ, कपाळभर कुंकू लावून. मी दिसताच तिचं तोंड फुललं. तिनं शेजारणीला कोपरानं डिवचून माझ्याकडे बोट केलं, हे माही बहीन. शिवम नव्या शर्टात घामाघूम झाला होता. त्यानं वर पाहिलं नाही. जानरावांनी सुपारी आणि अडकित्ता माझ्या हातावर ठेवला. अडकित्ता पितळी होता, दुकानातला, नवा कोरा. फक्त बसायचं होतं आणि हात दाबायचा होता. सगळ्यांना आनंद झाला असता. पुढे नोकरी लागलीच असती कदाचित, आणि कुणाला कधी काही कळलं नसतं. माझे पाय गादीकडे वळले आणि त्याच वेळी मला प्रतीक्षा विहिरीपाशी डोकं वाकवून उभी असलेली दिसली, मुंगीवर विश्वास ठेवून. "पोरीला पाहून येते आधी," असं म्हणून मी हातातलं तसंच धरून आत गेले.

आतली खोली म्हणजे दुकानाचं अर्धं गोदाम. भिंतीला लागून कळशा, पातेली, डबे रचलेले, आणि त्यांच्यामध्ये खाटेवर प्रतीक्षा बसलेली, मोरपंखी शालूत. तिच्या मामेबहिणी तिचा पदर नीट करत होत्या. मला पाहिल्याबरोबर ती त्यांना म्हणाली, "तुम्ही जा वं जरा भाईर." त्या गेल्या. मी खाटेच्या कडेवर बसले आणि बोलायला लागले. "प्रतीक्षा, एक सांगायचं राहिलं होतं. म्हणजे काळजीची अशी काही गोष्ट नाही हं. आजकाल कंपन्यांचं कसं असतं तुला माहीतच आहे, मधे जरा गॅप पडतो, चांगल्या चांगल्या मुलांच्या बाबतीत होतं, आणि शिवम हुशार आहे, दोनचार ठिकाणी बोलणं चालू आहे, एखादवेळी याच्यातूनच पुढं आणखी चांगलं काहीतरी..."

"मॅडम," ती म्हणाली, "वाक्य लहान करा."

बाहेर कुणीतरी हसलं. मी म्हटलं, "त्याची नोकरी गेली."

"कवा?"

"होळीच्या आधी."

"म्हंजे तुम्ही घर दाखवलं तवा..."

"तेव्हा मला माहीत होतं."

ती रडली नाही. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं, समजावलं असतं, ते मला येतं. ती बांगडी फिरवत बसली. "तो लॅपटॉप आपल्या क्लासचा होता," ती म्हणाली. "त्याची 'ए'ची कळ निघून गेली हाय. मी त्याच्यावरच मुलाखतीची तयारी केली. माडीवर गेल्या गेल्या मले दिसला."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मले वाटलं, मॅडम खोटं काऊन बोलतीन? म्हनून मीच माह्या मनाले समजावलं. तुमच्याकडून जुना इकत घेतला असन. त्याचा दुरुस्तीले टाकला असन. रोज नवीन काहीतरी सांगत होती मी मनाले. आज सकाळी क्लासले आली ते याच्यासाठीच. म्हनलं, आता तरी सांगतीन."

"सांगितलं ना गं शेवटी," मी म्हटलं, आणि ते शब्द कानावर पडले तशी शरमेनं मेल्यासारखी झाले. इथंही मला शाबासकी हवी होती.

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. "सुपारी हातात घेऊन सांगतलं." मग विचारलं, "त्याले सांगायचं होतं का?"

"हो. मीच थांबवलं. दर वेळी."

"आन् त्याच्या आईले?"

"बाईला काहीच माहीत नाही. ती अजून कप दाराबाहेर ठेवते."

हे ऐकून मात्र तिचे डोळे भरले. कुणासाठी, कळलं नाही. तिनं हात पुढे केला, "द्या इकडं." सुपारी आणि अडकित्ता माझ्या मुठीतून सोडवून घेतला. माझी मूठ इतकी आवळलेली होती की तिला बोटं उलगडावी लागली. "तुम्ही बसा इथंच," ती म्हणाली आणि पडदा सारून बाहेर गेली.

मी बसून राहिले. समोरच्या प्रत्येक कळशीत माझं तोंड दिसत होतं, कुठं फुगलेलं, कुठं लांबलेलं. बाहेर "अवं माय, पोरगीच भाईर आली" असा गलका झाला. प्रतीक्षाचा आवाज ऐकू आला, मुलाखतीत बोलली असेल तसा, एकेक शब्द वेगळा. "बाबा, सुपारी ठेवून द्या. मी नाशिकले जाऊन राह्यली. पुढचं मंग पाहू. पयले शिवम काय सांगते ते ऐका." मला वाटलं तो बोलणार नाही, मी त्याला बोलायचं विसरायला लावलंय. पण तो बोलला. "माह्याजोळ नोकरी नाही. होळीपासून नाही." किती सोपं होतं ते. एका दमात झालं. मी इतके महिने ज्याच्यावर कपडे चढवत होते ते एवढंसं होतं.

पहिल्यांदा बोलली ती बाई. तिला राग आला नव्हता, हसूच आल्यासारखं होतं तिच्या आवाजात, पोरगं पाहुण्यांपुढे घाबरून काहीतरी बरळलं असं वाटून. "काय बोलतं बे हे? रोज तं कामावर बसते हा. मीच चहा देतो." पाहुणे एकमेकांकडे पाहायला लागले तेव्हा तिचा आवाज चढला. "खोटं वाटते का तुम्हाले? माह्या बहिनीले इचारा. तिनं पाह्यलं हाय सारं. संजू! कुठं गेली वं? ये ना, सांग ह्याईले. माही संजू खोटं नाही बोलत."

मी उठले आणि पडदा बाजूला केला.